हिप्पोचे संत ऑगस्टीन

हिप्पोचे संत ऑगस्टीन (लॅटिन: ऑरेलियुस ऑगुस्तिनुस, जन्म: १३ नोव्हेंबर, इ.स. ३५४, थागास्ते, मृत्यू: २८ ऑगस्ट, इ.स. ४३०, हिप्पो रेगियस) हे रोमन साम्राज्यातील उत्तर आफ्रिकेचे ख्रिस्ती बिशप, धर्मपंडित, तत्त्वचिंतक व ग्रंथकार होते. पाप, ईश्वरी कृपा, इच्छास्वातंत्र्य आणि अंतिम न्याय यांविषयी त्यांनी केलेल्या मांडणीचा पश्चिमेकडील ख्रिस्ती विचारावर फार खोल परिणाम झाला. बाप्तिस्मा होण्यापूर्वीच मरण पावलेल्या अर्भकांचे मृत्यूनंतर काय होते, या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची अखेरची वीस वर्षे व्यापली होती. या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर कठोर होते आणि ते देताना होणारी अडचण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढील काळात पाश्चात्त्य चर्चने त्यांचा मूळ पापाचा सिद्धान्त कायम ठेवला. अर्भकांविषयीचा त्यांचा निष्कर्ष मात्र टप्प्याटप्प्याने सौम्य केला.

पार्श्वभूमी

ऑगस्टीन यांच्या जन्मापूर्वी सुमारे दीडशे वर्षांपासून आफ्रिकेतील ख्रिस्ती समाजात लहान मुलांच्या बाप्तिस्म्याविषयी विचार चालू होता. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचे लेखक टर्टुलियन यांनी मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला दिला होता. निष्पाप वयात पापक्षमेची घाई कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. तिसऱ्या शतकाच्या मध्यास कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांच्या सहकारी बिशपांच्या सभेने याच्या उलट निर्णय दिला. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये, कारण त्याला ज्या पापांची क्षमा मिळते ती त्याची स्वतःची नसून दुसऱ्याची असतात, असे त्या निर्णयात म्हटले होते. पुढे ऑगस्टीन यांनी या निर्णयाचा वारंवार आधार घेतला.

प्रत्यक्ष व्यवहारात चौथ्या शतकातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे बाप्तिस्मा प्रौढपणापर्यंत पुढे ढकलत असत. बाप्तिस्म्याने पूर्वीची सर्व पापे धुतली जातात. त्यानंतर केलेल्या पापाचा दोष मात्र अधिक जड असतो, अशी समजूत त्यामागे होती. तारुण्यातील मोहाचा काळ सरल्यावर हा संस्कार करून घेणे लोकांना शहाणपणाचे वाटे. स्वतः ऑगस्टीन यांच्या बाबतीतही असेच घडले.

जन्म व बालपण

थागास्ते हे न्युमिडिया प्रदेशातील छोटे नगर होते. आज ते अल्जीरियातील सूक अहरास या नावाने ओळखले जाते. ऑगस्टीन यांचे वडील पॅट्रिशियस हे बेताच्या मिळकतीचे जमीनदार व नगरसभेचे सदस्य होते. ते जुन्या रोमन दैवतांना मानणारे होते आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. जन्मानंतर ऑगस्टीन यांच्या कपाळी क्रुसाची खूण करून जिभेवर मीठ ठेवण्यात आले. त्यामुळे त्यांची गणना दीक्षार्थींमध्ये झाली, पण बाप्तिस्मा झाला नाही.

शाळकरी वयात त्यांना एकदा पोटाचे जीवघेणे दुखणे झाले. मुलाने बाप्तिस्मा मागितला आणि आईने घाईघाईने तयारी चालवली. तेवढ्यात त्यांना अचानक उतार पडला व संस्कार पुढे ढकलण्यात आला. ही दिरंगाई आपल्या हिताची होती का, असा प्रश्न त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात ईश्वराला विचारला आहे.

शाळेत मार खावा लागू नये म्हणून लहानपणी ते देवाची करुणा भाकत आणि घरातील वडीलधारी माणसे त्याला हसत. मुलांना खेळण्याबद्दल शिक्षा करणारे मोठे लोक स्वतः तसेच खेळ खेळतात आणि त्यांना कामकाज म्हणतात, हे त्यांनी मार्मिकपणे नोंदवले आहे. सोळाव्या वर्षी पैशांअभावी शिक्षण खंडित झाले असता मित्रांसमवेत त्यांनी शेजारच्या बागेतील नासपती चोरल्या. भूक नसताना, केवळ निषिद्ध गोष्ट करण्याच्या आनंदासाठी केलेल्या या चोरीचे विश्लेषण त्यांनी पुढे कित्येक पाने भरून केले आहे. मनुष्य कारणावाचून वाईटाकडे का ओढला जातो, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या विचारांच्या केंद्रस्थानी राहिला.

शिक्षण आणि मानी पंथ

मदौरा येथील प्राथमिक अलंकारशास्त्राच्या शिक्षणानंतर रोमानियानस या धनिक गावकऱ्याच्या साहाय्याने ऑगस्टीन कार्थेजला गेले. तेथे एका स्त्रीशी त्यांचे सहजीवन सुरू झाले. ते सुमारे पंधरा वर्षे टिकले, परंतु तिचे नाव त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. इ.स. ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव आदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला, असे ठेवण्यात आले. मराठीतील देवदत्त या नावाचा अर्थही हाच आहे.

एकोणिसाव्या वर्षी सिसेरो यांचा होर्टेन्सियुस हा ग्रंथ वाचून त्यांना तत्त्वज्ञानाची ओढ लागली. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे ते मानी पंथाचे श्रोते, म्हणजे प्राथमिक पायरीवरील अनुयायी, होते. मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या या पंथानुसार प्रकाश व अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे असून वाईटाचा उगम अंधाराच्या तत्त्वात आहे. वाईट कोठून आले या प्रश्नाला येथे सोपे उत्तर मिळत होते. पुढे त्यांनी हा पंथ सोडला, तरी मूळ पापाच्या सिद्धान्तामुळे त्यांच्यावर आयुष्यभर छुपे मानीपंथी असल्याचा आरोप होत राहिला.

या काळात थागास्ते येथे त्यांचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला असता घरच्यांनी त्याचा बाप्तिस्मा करविला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन यांनी त्या संस्काराची थट्टा केली. मित्राने त्यांना कठोर शब्दांत थांबवले आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. ज्याला भान नाही त्याच्यावर केलेला संस्कारही परिणाम करतो, ही गोष्ट या प्रसंगाने त्यांच्या मनावर ठसली.

मिलान आणि धर्मांतर

कार्थेज व रोम येथे अध्यापन केल्यानंतर इ.स. ३८४ मध्ये ऑगस्टीन मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील बिशप अँब्रोज यांची प्रवचने आणि नवप्लेटोवादी ग्रंथ यांमुळे त्यांची मानी मतावरील उरलीसुरली श्रद्धा गेली. मोनिका यांनी मुलासाठी प्रतिष्ठित घराण्यातील वधू निश्चित केली. त्यासाठी आदेओदातुसच्या आईला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. मुलगा वडिलांपाशी राहिला. हा विवाह पुढे झालाच नाही.

इ.स. ३८६ च्या उन्हाळ्यात मिलानमधील एका बागेत अत्यंत अस्वस्थ मनःस्थितीत असताना शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज त्यांच्या कानी पडला. घे आणि वाच, अशा अर्थाचे ते शब्द होते. त्यांनी पौलाचे रोमकरांस पत्र उघडले आणि तेथील वचन वाचून ख्रिस्ती जीवन स्वीकारण्याचा निश्चय केला. इ.स. ३८७ च्या ईस्टरच्या पूर्वरात्री अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा, त्यांचे मित्र अलिपियस यांचा आणि पंधरा वर्षांच्या आदेओदातुसचा बाप्तिस्मा एकाच वेळी झाला.

त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्टिया बंदरात मोनिका यांचे निधन झाले. इ.स. ३८८ मध्ये ऑगस्टीन आफ्रिकेत परतले. दे मागिस्त्रो या संवादात त्यांनी पिता-पुत्रांमधील चर्चा ग्रथित केली असून पुत्राच्या तोंडची मते त्याचीच असल्याची ग्वाही दिली आहे. हा बुद्धिमान मुलगा सतराव्या वर्षाच्या सुमारास वारला. मुलाविषयी आपल्या मनात कसलीही भीती उरली नाही, असे ऑगस्टीन यांनी लिहिले आहे. या निश्चिंतीचा आधार त्या दोघांनी मिळून घेतलेला बाप्तिस्मा हा होता.

बिशपपद आणि आरंभीचे विचार

इ.स. ३९१ मध्ये हिप्पो (आजचे अन्नाबा, अल्जीरिया) येथील लोकांनी आग्रहाने त्यांना धर्मगुरू केले. इ.स. ३९५–९६ च्या सुमारास ते तेथील बिशप झाले आणि मृत्यूपर्यंत त्याच पदावर राहिले.

या काळात पूर्ण झालेल्या इच्छास्वातंत्र्याविषयीच्या ग्रंथात त्यांनी अर्भकांच्या मृत्यूचा प्रश्न प्रथम हाताळला. ज्याने पुण्यही केले नाही आणि पापही केले नाही, त्याला न्यायाच्या दिवशी कोणते स्थान मिळणार, अशी शंका लोक घेत असत. त्यावर बक्षीस आणि शिक्षा यांच्यामधील एखादा निवाडाही असू शकेल, असे त्यांनी तेव्हा सुचवले. मुलांच्या यातनांमुळे मोठ्यांची मने सुधारतात, आणि त्या मुलांसाठी ईश्वराने काय राखून ठेवले आहे हे कोणास ठाऊक, असेही त्यांनी म्हटले. हेरोद राजाने मारविलेल्या बेथलेहेमच्या बालकांना चर्च हुतात्मे मानते, याची त्यांनी आठवण दिली. हे उत्तर त्यांनी पुढे सोडून दिले.

इ.स. ३९७ च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिसियानस यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना त्यांच्या विचाराला निर्णायक वळण मिळाले. याकोब व एसाव हे जुळे भाऊ जन्मण्यापूर्वीच, त्यांनी बरेवाईट काही केलेले नसताना, एकाची निवड झाली असे पौलाच्या पत्रात म्हटले आहे. यावरून ईश्वरी कृपा कोणत्याही पात्रतेवर अवलंबून नसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मूळ पाप ही संज्ञा त्यांच्या लेखनात येथे प्रथम आढळते.

लगेच लिहायला घेतलेल्या कन्फेशन्स या आत्मचरित्राच्या पहिल्या भागात त्यांनी तान्ह्या मुलांचे निरीक्षण मांडले. अद्याप बोलताही न येणारे एक बाळ आपल्या दूधभावाकडे मत्सराने पांढरेफटक पडून पाहत होते, असे ते सांगतात. बाळाचा निरुपद्रवीपणा त्याच्या अवयवांच्या दुबळेपणामुळे असतो, मनाच्या निर्मळपणामुळे नव्हे, असे त्यांचे मत होते.

पेलेजियस यांच्याशी वाद

इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या नेतृत्वाखाली गॉथ लोकांनी रोम लुटले. तेथून आफ्रिकेत आलेल्या निर्वासितांमध्ये पेलेजियस हे ब्रिटनचे तपस्वी आणि त्यांचे अनुयायी सेलेस्टियस होते. मनुष्याचा स्वभाव मुळात चांगला असून ईश्वराच्या आज्ञा पाळणे त्याला शक्य आहे, आदामाचे पाप हे वाईट उदाहरण होते, ते वंशपरंपरेने उतरत नाही, अशी शिकवण या मंडळींनी दिली. त्यानुसार नवजात बालक हे पतनापूर्वीच्या आदामासारखे असते. सेलेस्टियस यांनी बालकांचा बाप्तिस्मा नाकारला नाही, तरी इ.स. ४११ च्या सुमारास कार्थेजमध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले.

बाप्तिस्म्याविना मेलेली बालके कोठे जातात, या प्रश्नावर पेलेजियस सावध होते. ती कोठे जात नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे, कोठे जातात हे नाही, असे ते सांगत असल्याची नोंद ऑगस्टीन यांनी केली आहे. काही अनुयायांनी देवाचे राज्य व शाश्वत जीवन यांत भेद केला. बाप्तिस्म्याविना देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन मान्य करून त्याबाहेरचे शाश्वत जीवन त्यांनी या मुलांसाठी मोकळे ठेवले.

ऑगस्टीन यांनी इ.स. ४११–१२ मध्ये मार्सेलिनस या शाही अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात या मताचे खंडन केले. त्यांचे मुख्य युक्तिवाद चार होते. चर्च बालकांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देते. बालकाने स्वतः पाप केलेले नसते. म्हणून ते पाप आदामाकडून आलेले असले पाहिजे. दुसरे, बालकांना तारणाची गरज नसेल तर ख्रिस्त त्यांचा तारणारा ठरत नाही. या संदर्भात प्युनिक भाषा बोलणारे ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याला तारण असेच म्हणतात, याचा त्यांनी गौरवाने उल्लेख केला. तिसरे, रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायानुसार आदामामध्ये सर्वांनी पाप केले. हा अर्थ त्यांच्यासमोरील लॅटिन भाषांतरातून निघत होता. मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ बहुतेक आधुनिक अभ्यासक सर्वांनी पाप केल्यामुळे असा करतात. चौथा युक्तिवाद बालकांच्या यातनांचा होता. न्यायी ईश्वराच्या राज्यात निर्दोष जीवाला दुःख होणार नाही. बालकांना तर आजार, अपंगत्व आणि मृत्यू भोगावा लागतो.

बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांना शिक्षा होते, परंतु ती सर्व शिक्षांमध्ये सर्वांत सौम्य असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. इ.स. ४१३ च्या जूनमध्ये कार्थेज येथे दिलेल्या प्रवचनात त्यांनी मध्यम स्थानाची कल्पना उघडपणे नाकारली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या वर्णनात उजवी व डावी अशा दोनच बाजू आहेत, हा त्यांचा आधार होता.

इ.स. ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधील दिओस्पोलिसच्या सभेने पेलेजियस यांना निर्दोष ठरवले. आफ्रिकेतील बिशपांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. इ.स. ४१८ मध्ये सम्राट होनोरियस यांचे फर्मान, कार्थेजची मोठी धर्मसभा आणि पोप झोसिमस यांचे पत्र यांद्वारे पेलेजियस यांची मते निषिद्ध ठरली.

जेरोम यांना पत्र

सिद्धान्त ठरला तरी ऑगस्टीन यांची एक अडचण सुटली नव्हती. आत्मा कोठून येतो हे त्यांना ठरवता येत नव्हते. तो देहाप्रमाणे आईवडिलांकडून येत असेल तर पापाचा वारसा समजू शकतो. परंतु प्रत्येक आत्मा ईश्वर नव्याने निर्माण करत असेल, तर त्या निर्मळ आत्म्याला दुसऱ्याच्या पापाचा दोष का लागावा?

इ.स. ४१५ मध्ये ओरोसियस या तरुण धर्मगुरूच्या हाती त्यांनी बेथलेहेमला जेरोम यांच्याकडे दीर्घ पत्र पाठवले. बालकांच्या शिक्षेचा विचार आला की आपण फार मोठ्या पेचात सापडतो आणि काय उत्तर द्यावे हे कळत नाही, असे त्यांनी त्यात लिहिले. साठी ओलांडलेल्या, सर्व पश्चिमेत मान्यता पावलेल्या बिशपाने वयाने आपल्याहून वडील असलेल्या विद्वानाला शिष्याच्या नात्याने हा प्रश्न विचारला होता. जेरोम यांनी सौजन्याने पोच दिली, पण उत्तर दिले नाही. उत्तराच्या आशेने ऑगस्टीन यांनी जेरोम यांच्या हयातीत ते पत्र प्रसृत केले नाही. आत्म्याच्या उगमाविषयी त्यांनी अखेरपर्यंत निश्चित मत दिले नाही.

इ.स. ४१९–२० च्या सुमारास व्हिन्सेंटियस व्हिक्टर या तरुणाने एक नवा पुरावा पुढे केला. इ.स. २०३ मध्ये कार्थेज येथे हुतात्मा झालेल्या पर्पेतुआ यांना तुरुंगात दृष्टान्त झाला होता. सातव्या वर्षी चेहऱ्याच्या व्याधीने मेलेला आपला भाऊ दिनोक्रातेस तहानेने व्याकूळ असल्याचे त्यांनी प्रथम पाहिले आणि प्रार्थनेनंतर तो पाणी पिऊन आनंदाने खेळताना त्यांना दिसला. बाप्तिस्मा न झालेल्या मुलालाही प्रार्थनेने सुटका मिळते, असा अर्थ व्हिक्टर यांनी लावला. ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की त्या मुलाचा बाप्तिस्मा झालाच नव्हता असे कोठेही म्हटलेले नाही, आणि सात वर्षांचे मूल स्वतः पाप करण्याइतके मोठे असते.

चर्चमधील व्यवहार

बिशप म्हणून ऑगस्टीन यांच्याकडे हा प्रश्न दररोजच्या जीवनातून येत असे. आईबापांनी टाकून दिलेली अर्भके व्रतस्थ कुमारिका उचलून आणतात व बाप्तिस्म्यासाठी देतात, असा उल्लेख त्यांच्या एका पत्रात आहे. याच विषयाने त्यांना आणखी एका कोड्यात टाकले. श्रद्धाळू मातापित्यांचे बाळ चर्चकडे नेत असताना वाटेतच मरते आणि परक्याने टाकलेले बाळ कोणीतरी उचलल्यामुळे संस्कार पावून मरते. दोघांपैकी कोणाचीही पात्रता अधिक नव्हती. कृपा केवळ ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून असते, याचा हा पुरावा आहे असे ते मानत. तिचे कारण मानवाला कळत नाही, असेही ते सांगत.

प्रौढ दीक्षार्थी बाप्तिस्म्यापूर्वी मरण पावला तर त्याच्या श्रद्धेने व पश्चात्तापाने उणीव भरून निघू शकते, हे त्यांनी पूर्वीच्या लेखनात मान्य केले होते. तान्ह्या मुलाला इच्छा व्यक्त करता येत नाही, म्हणून ही वाट त्याला खुली नव्हती.

एका प्रवचनात त्यांनी उझालिस या गावची हकीकत सांगितली. एका स्त्रीचे अंगावर पिणारे, बाप्तिस्मा न झालेले बाळ दगावले. तिने ते कलेवर संत स्तेफन यांच्या अवशेषांच्या स्थानी नेले आणि मुलगा परत मागितला. बाळ जिवंत झाले, लगेच त्याचा बाप्तिस्मा करण्यात आला आणि त्यानंतर ते पुन्हा मरण पावले. आईने शांत मनाने त्याला मूठमाती दिली. त्या काळातील मातांना मुलाच्या मृत्यूहून अधिक भीती कशाची वाटत होती, हे या हकिकतीवरून दिसते.

युलियन यांचा आक्षेप

इटलीतील एक्लानमचे बिशप युलियन यांनी इ.स. ४१८ च्या पोपच्या पत्रावर सही करण्यास नकार दिला व पद गमावले. त्यांचे वडील ऑगस्टीन यांचे स्नेही होते. युलियन यांच्या मते पाप ही इच्छेची कृती आहे. नवजात बालकाला इच्छाच नसते. म्हणून दुसऱ्याच्या अपराधासाठी त्याला शिक्षा करणाऱ्याला न्यायी म्हणता येणार नाही. विवाह आणि प्रजनन यांना पापाच्या वारशाशी जोडून ऑगस्टीन पुन्हा मानी मताकडे वळले आहेत, असाही आरोप त्यांनी केला.

ऑगस्टीन यांनी उलट विचारले की, वारशाने आलेला दोष नसेल तर आंधळी, व्यंग असलेली व वेदनेने तळमळणारी बालके जन्माला येतात ती कोणत्या न्यायाने? ईश्वर अन्यायी किंवा दुबळा मानण्यापेक्षा बालक दोषी मानणे त्यांना भाग वाटले. तरीही युलियन यांना उत्तर देताना त्यांनी एक मर्यादा पाळली. ही बालके जन्मलीच नसती तर बरे झाले असते, असे म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी विचार

इ.स. ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या देवाचे नगर या बावीस भागांच्या ग्रंथात आणि इ.स. ४२१ च्या सुमारास लिहिलेल्या एन्किरिदियोन या छोट्या पुस्तकात त्यांचे या विषयीचे विचार संकलित झाले आहेत. मृत्यू व पुनरुत्थान यांमधील काळात आत्मे आपापल्या योग्यतेनुसार विश्रांती किंवा दुःख भोगतात. फार चांगले नाहीत आणि फार वाईटही नाहीत अशांना जिवंतांच्या प्रार्थनेचा व दानधर्माचा उपयोग होतो. सर्व शिक्षा कधीतरी संपतील असे मानणाऱ्या दयाळू ख्रिस्ती लोकांचे मत त्यांनी अमान्य केले.

बाप्तिस्मा होऊन मेलेल्या बालकांना मृत्यूनंतर कोणतीही यातना होत नाही, असे ते सांगतात. पुनरुत्थानाच्या वेळी अर्भके तान्ही राहणार नाहीत. वाढ पूर्ण झाली असती तर जे शरीर मिळाले असते, ते त्यांना मिळेल, असेही त्यांचे मत होते.

अखेरचे दिवस

इ.स. ४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या. धर्मगुरूंनी पळून जावे का, या प्रश्नावर ऑगस्टीन यांनी लिहिले की संकटकाळी सर्व वयांचे स्त्रीपुरुष बाप्तिस्मा मागत चर्चकडे धाव घेतात. तेथे संस्कार करणारे कोणी नसेल तर त्यांचा नाश होईल. इ.स. ४३० मध्ये हिप्पोला वेढा पडला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ते तापाने आजारी झाले. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत ते अश्रू ढाळत. अखेरचे सुमारे दहा दिवस त्यांनी एकांतात घालवले. २८ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. युलियन यांना द्यावयाचे दुसरे विस्तृत उत्तर अपुरेच राहिले. त्यांचे शिष्य व कालामाचे बिशप पोसिदियस यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यांचे अवशेष इटलीतील पाव्हिया येथे आहेत.

प्रभाव व उत्तरकाळ

इ.स. ५२९ मध्ये ओरांज येथील धर्मसभेने मूळ पाप व कृपा यांविषयीची ऑगस्टीन यांची मुख्य मते स्वीकारली. रुस्पेचे बिशप फुल्जेंटियस यांनी अर्भकांच्या शिक्षेचे वर्णन अधिक कठोर शब्दांत केले. बाराव्या शतकापासून मात्र वेगळा प्रवाह सुरू झाला. पीटर आबेलार यांच्या मते या बालकांची शिक्षा म्हणजे ईश्वराच्या दर्शनाला मुकणे, इतकीच होती. इ.स. १२०१ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी अशाच स्वरूपाचा भेद मान्य केला. थॉमस अक्वायनस यांनी लिंबो या स्थानातील बालके नैसर्गिक सुख अनुभवतात असे प्रतिपादन केले. ऑगस्टीन यांनी नाकारलेले मधले स्थान अशा रीतीने त्यांच्याच परंपरेत परत आले. चौदाव्या शतकात जुन्या कठोर मताचा पुरस्कार करणाऱ्या रिमिनीच्या ग्रेगरी यांना बालकांचा छळ करणारा असे उपनाम मिळाले. ते ऑगस्टीन यांच्याच नावाने चालणाऱ्या संघाचे सदस्य होते. याच संघाचे धर्मगुरू इ.स. १५७२ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यातील त्यांच्या चर्चच्या भग्न मनोऱ्याला आजही संत ऑगस्टीन यांचे नाव आहे.

सर्वसामान्य लोकांवर या शिकवणीचा परिणाम दीर्घकाळ राहिला. बाप्तिस्मा न झालेल्या बालकांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे. आयर्लंडमध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या, एकाकी जागा असत. फ्रान्स व शेजारच्या प्रदेशांत मृत जन्मलेली बाळे क्षणभर जिवंत होऊन बाप्तिस्मा घेतील या आशेने ठराविक तीर्थस्थानी नेली जात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने आदामाचा दोष वारशाने येतो हे मत स्वीकारले नाही. प्रोटेस्टंट परंपरेत कॅल्व्हिन यांच्या अनुयायांनी बालकांचे तारण बाप्तिस्म्याऐवजी ईश्वरी निवडीवर सोपवले, तर ॲनाबॅप्टिस्ट पंथाने बालकांचा बाप्तिस्माच अमान्य केला.

इ.स. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात लिंबोचा उल्लेख न करता बाप्तिस्म्याविना मेलेल्या मुलांना ईश्वराच्या दयेवर सोपवण्यात आले आहे. इ.स. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात अशा मुलांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, मात्र ती आशा असून निश्चित ज्ञान नाही, असा निष्कर्ष नोंदवला आहे. त्या दस्तऐवजात ऑगस्टीन यांच्या मताचा इतिहास सविस्तर दिलेला आहे.

कॅथोलिक चर्चमध्ये संत ऑगस्टीन यांचा स्मृतिदिन २८ ऑगस्ट रोजी आणि त्यांच्या मातोश्री संत मोनिका यांचा आदल्या दिवशी, २७ ऑगस्ट रोजी पाळला जातो.